जमादारांचं नाक

भोरला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. एकटी मुलगी परगावी कशी राहणार म्हणून वडिलांनी माझ्याबरोबर आत्याला धाडलं. पुण्याहून सर्व्हिस मोटारीनं आम्ही दोघी उतरलो, हमालाच्या डोक्यावर ट्रंक आणि वळकटी दिली आणि नदीकडच्या आळीत भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांसमोर येऊन उभ्या राहिलो. दारात घरमालक उभे होते. उंच, वाळकुडे, डोक्याला विटका खाकी फेटा, पांढऱ्या मिशा. आणि नाक असं, की चेहऱ्यावर आधी ते येऊन बसलं असावं आणि बाकीच्यांनी मग उरल्या जागेत दाटीवाटी केली असावी. ते पूर्वी शिपायांचे जमादार होते. नोकरी सुटून सात-आठ वर्षं झाली होती, पण सगळं गाव अजून त्यांना जमादारच म्हणे.

त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं नाही, वळकटीकडे पाहिलं नाही. आत्याच्या हातातल्या पिशवीकडे बोट केलं.

"त्यात काय हाय?"

"मेथी," आत्या म्हणाली. "संध्याकाळच्या भाजीला."

"कवा घेतली?"

"काल सकाळी. मंडईतनं."

"धुतली?"

"धुतली की! स्वच्छ धुऊन, पिळून, फडक्यात घट्ट बांधून आणलीय."

जमादारांनी डोळे मिटले. कुणाच्या घरी कुणी वारल्याचं कळल्यावर माणूस क्षणभर गप्प राहतो, तसे गप्प राहिले. मग हात पुढे केला. आत्यानं पिशवी दिली, का दिली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. त्यांनी ओट्यावर बसून फडकं सोडलं, जुडीच्या पोटात बोटं घातली, ती बाहेर काढून अंगठ्यावर चोळून पाहिली, आणि शेवटी जुडी नाकाशी नेली.

"मेली," ते म्हणाले. "कात्रजच्या घाटातच मेली आसंल. हिला आत न्हेऊ नगा."

भोरमधलं आमचं पहिलं जेवण पिठल्याचं झालं. आत्या जेवताना एकच वाक्य बोलली, "भाजी आहे का आरोपी?"

आत्याला तेव्हा साठी लागत आली होती. तिनं आयुष्यभर कसबा पेठेतल्या एका मोठ्या घराचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं आणि भाजीच्या बाबतीत तिला कुणी शिकवावं ही गोष्ट तिच्या कल्पनेतही बसणारी नव्हती. पुढचं सबंध वर्ष आमच्या दोन खोल्या आणि जमादारांची पडवी यांच्यामध्ये जे काही चाललं, त्याला भांडण म्हणावं तर त्यात कधी आवाज चढला नाही, आणि स्नेह म्हणावा तर दोघांनीही तो कधी कबूल केला नसता.

जमादारांची सकाळ ओट्यावर सुरू होई. खेड्यापाड्यांतून पाट्या घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या बायका आमच्या आळीत शिरल्या की पहिला मुक्काम त्यांचा ओटा. तिथं त्यांची जबानी होई. भाजी कधी उपटली, उन्हं चढायच्या आधी की नंतर, वरनं पाणी मारलं का, पाटीत खाली काय आणि वर काय. बायका त्यांना नावं ठेवत, "म्हातारा लई चिकीट," म्हणत, आणि तरी सगळ्यांत चांगली जुडी त्यांच्यासाठी पाटीच्या एका कडेला राखून आणत. जमादार आधी देठ कानाशी मोडत. कट्‌कन आवाज आला तर मान हलवत. मग देठाचा कापलेला भाग उजेडाकडे धरत, काळसर दिसतो का, ओलसर चिकटा सुटलाय का ते बघत. मग पान अंगठ्यानं दाबत. आणि सगळ्यात शेवटी नाक. त्या वेळी ते डोळे मिटत आणि समोरची बाईसुद्धा श्वास धरून उभी राही. नाकाचा हुकूम शेवटचा. त्याच्यावर अपील नव्हतं.

निकाल तीनच प्रकारचे असत. "सुटली" म्हणजे चांगली. "दमली" म्हणजे नुसती मलूल झालेली. दमलेल्या भाजीबद्दल त्यांना फार माया. "उन्नात चालून आलीया. देठं पान्यात उबी करा घडीभर, उटून बसंल. तिला मेली म्हनू नगा." आणि "मेली" म्हणजे मेली. मग तिचं वरचं पान कितीही हिरवं दिसो. आळीतल्या बायका आपापल्या घरच्या जुड्या फडक्याखाली झाकून त्यांच्याकडे आणत, जसं एखाद्या वैद्याला दाखवायला तान्हं मूल आणावं, आणि निकाल ऐकून कधी हसत, कधी पाय आपटत घरी जात.

त्यांच्या मागच्या पडवीत चार बुरडी टोपल्या आढ्याला टांगलेल्या होत्या. भाजी आली की पहिल्यांदा जुडीची दोरी सुटायची. "बांदलेला मानूस आन बांदलेली भाजी, दोनी आतनं नासत्यात," हे त्यांचं आवडतं वाक्य. मग पिवळं पान, किडकं पान, चिरडलेलं पान निवडून बाजूला. माती झटकायची, पण पाणी लावायचं नाही, धुणं ते चिरायच्या आधी. मग कोरड्या धोतराच्या फडक्यात सैल गुंडाळून टोपलीत, आणि टोपलीवर दुसरं ओलं फडकं, पण असं की त्याचं पाणी भाजीवर ठिबकता कामा नये. टोपली वाऱ्यावर हलत राहायची. एकदा आत्यानं कुणा विद्यार्थिनीच्या घरून आलेले पिकलेले आंबे त्या टोपल्यांखाली पसरून ठेवले, तर जमादार शाळा सुटण्याच्या वेळी मला वाटेतच भेटले.

"बाई, तुमच्या आत्याबाईस्नी सांगा, आंबं घरात घ्या."

"का हो?"

"आंब्याजवळ भाजी ठिवली की ती पिवळी पडती. कशानं ते मला ठावं न्हाई. पन पडती. म्या धा वर्सं बगतुय."

"मग तुम्हीच सांगा ना आत्याला."

जमादारांनी फेटा सारखा केला. "त्या मला ऐकत न्हाईत," ते म्हणाले, आणि इतक्या खालच्या आवाजात म्हणाले की मला हसू आवरेना.

ऐकत नाही हे खरं होतं. आत्यानं सरळ पैज लावली. एकाच पाटीतल्या चुक्याच्या दोन जुड्या. एक तिच्या पद्धतीनं, धुऊन झाकणाच्या पितळी डब्यात. दुसरी त्यांच्या पद्धतीनं टोपलीत. तिसऱ्या दिवशी दोन्ही उघडायच्या आणि हरेल त्यानं दिवसभर तोंड उघडायचं नाही. तिसऱ्या दिवशी आळीतल्या सात-आठ बायका पडवीत जमल्या. टोपलीतला चुका जरा मऊ झाला होता, एवढंच. डबा उघडला तर आत पानं एकमेकांना चिकटून काळी पडलेली, तळाशी बुळबुळीत पाणी, आणि वास असा की पहिल्या रांगेतल्या बायका दुसऱ्या रांगेत गेल्या. टाचा जुळवून जमादारांनी आत्याला एक कडक सलाम ठोकला. आत्यानं शब्द पाळला. त्या दिवशी ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलली नाही. तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी माझ्या सगळ्या वह्या तपासून झाल्या.

पण एक गोष्ट सांगायला हवी. आत्या कोथिंबीर पेल्यात थोडं पाणी घेऊन फुलांसारखी उभी करून ठेवायची. जमादार त्यावर हसले होते. चार दिवसांनी मी काही कामानं त्यांच्याकडे गेले तर त्यांच्या पाणी पिण्याच्या तांब्यात कोथिंबीर उभी होती आणि ते स्वतः ओंजळीनं पाणी पीत होते. मी पाहिलं, त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं. "आत्याबाईस्नी सांगू नगा," ते म्हणाले. मी अर्थातच सांगितलं. आत्या दोन दिवस गुणगुणत होती.

पौषात जमादार आजारी पडले. नुसतं पडसं म्हणून सुरू झालं, मग ताप चढला, आणि बारा-तेरा दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सख्खं माणूस म्हणजे राजगडाखाली पाली गावात दिलेली धाकटी बहीण. तिला निरोप पोचून ती येईपर्यंत आत्यानं त्यांना पेज दिली, काढे दिले, छातीला शेक दिला. तापातही ते विचारत, "आज कोन आलं हुतं? काय आनलं हुतं?" आत्या सांगे, "माठ होता. दमलेला होता. पाण्यात उभा केलाय." मग त्यांना झोप लागे.

ते उठले, ओट्यावर बसले. पुन्हा पहिल्यासारख्या पाट्या येऊ लागल्या, देठ मोडू लागले, डोळे मिटून नाकाशी जुड्या जाऊ लागल्या. पण काहीतरी बदललं होतं. पूर्वी जुडी नाकाशी नेली की निकाल तडक यायचा. आता ते तिथंच थांबत. भाजीवालीच्या तोंडाकडे चोरून बघत. एकदा त्यांनी शेपू सोडला आणि शेजारीण दुपारी तोच घेऊन आली, आतून कुजलेला. "गर्दीत नजरचुक झाली," जमादार म्हणाले. शेजारीण परत गेली, पण आत्या दारात उभी होती ती तशीच उभी राहिली.

"शेपू," ती आत येऊन मला म्हणाली. "शेपूचा वास नजरचुकीनं येत नाही का?"

दुसऱ्या दिवशी तिनं एका फडक्याची पुरचुंडी केली आणि ओट्यावर जाऊन त्यांच्या नाकापुढे धरली. मी शाळेला निघाले होते, ती दारातच थांबले.

"जमादार, ओळखा बरं काय आहे. न सोडता."

त्यांनी डोळे मिटले. खोल श्वास घेतला. मिशी जरा थरथरली.

"कोतमीर," ते म्हणाले. "सकाळचीच हाय. सुटली."

"बरोबर," आत्या म्हणाली.

ती आत आली आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. चार हातांवरनं मला वास आला होता. फडक्यात हिंग होता, चांगला सुपारीएवढा खडा. आत्या चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून बसली आणि बराच वेळ निखारे सारखे करत राहिली. "कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्यापाशी दुसरं आहे काय?"

त्या दिवसापासून आत्याला सकाळी ओट्यावर काही ना काही काम निघू लागलं. तांदूळ निवडायचे, वाती वळायच्या. पाटी आली की ती सहज वाकून बघे. भाजी बरी असली तर काही बोलत नसे. बरी नसली तर, "या बाईंचं घर लांब आहे, नाही का?" असं काहीतरी निरर्थक म्हणे. जमादार क्षणभर थांबत आणि मग म्हणत, "मेली." आपलं गुपित आत्याला कळलंय हे त्यांना कळलं होतं की नाही, हे मला त्या वेळी नक्की सांगता आलं नसतं. कळलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही.

वैशाखात त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. लग्न पालीला, गोरज मुहूर्तावर. बहिणीचा निरोप आला: दादा, सगळं जमलंय, पंगतीची भाजी मात्र तुझ्या नजरेखाली. नवरा मुलगा कामथडीचा. त्याच्या चुलत्यांचा विहिरीवरचा भाजीचा मळा होता, आणि पंगतीचा तांदुळजा आमच्या मळ्यातला येईल, असं त्यांनी मानानं कळवलं होतं. जमादारांना निरोप आला त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी आत्या पडवीत जाऊन म्हणाली, "मला राजगड बघायचाय. शाळेला सुट्टी आहे. आम्ही दोघी येतो तुमच्याबरोबर."

साठीची बाई वैशाखात राजगड बघायला निघाली, आणि जमादार "बरं" म्हणाले.

नसरापूरपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. मार्गासनीच्या पुढं रस्ता धुळीचा लागला. गाडीत आत्या पदरानं तोंड झाकून बसली होती. मध्येच, बाहेर डोंगराकडे बघत, ती म्हणाली, "जमादार, मला एक खोड आहे. घाण वास आला की खोकला येतो. तिथं मी जवळपासच असेन. खोकला आला तर मनावर घेऊ नका."

जमादारांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"हिंग हुता का त्यो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुरचुंडी धरताना माज्या मिशीला लागला आसंल. माशा येत न्हवत्या त्या दिवशी ओट्यावर," जमादार म्हणाले. "तवाच वाटलं हुतं मला." मग दोघंही दोन बाजूंना बघू लागली. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी बैलांकडे बघत बसले.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात माणसं जमली. चुली पेटल्या, कढया चढल्या. ऊन चढू लागलं तशी कामथडीची गाडी आली. नवऱ्या मुलाचे चुलते गाडीसोबत स्वतः आले होते, पांढरा फेटा, अंगरखा, आवाज दणदणीत. गाडीतून तीन गोण्या उतरल्या, तट्ट भरलेल्या, तोंडं सुतळीनं करकचून शिवलेली, वरून भिजवलेल्या.

"काल सांजच्याला उपटली," चुलते म्हणाले. "रातभर गोन्यांवर पानी मारत आनलीया. आमच्या मळ्याचा तांदुळजा म्हंजे लोनी!"

जमादारांच्या बहिणीनं गोण्यांना हळदकुंकू वाहिलं. मग सगळी माणसं जमादारांकडे बघू लागली. त्यांच्या नाकाची कीर्ती पालीपर्यंत होतीच. पोरं पुढं सरकली. आत्या बायकांच्या घोळक्यातून निघून गोण्यांच्या दोन हातांवर येऊन उभी राहिली. जमादारांनी पहिल्या गोणीची शिवण उसवली, वरची मूठभर भाजी काढली. हिरवीगार होती. त्यांनी ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

नेमक्या त्याच वेळी चुलीपाशी कुणीतरी कढईत सुक्या मिरच्या टाकल्या.

आत्या खोकली. पण आत्याच काय, नवरीची आई खोकली, वाजंत्री खोकले, चुलते पोट धरून खोकले, गाडीचे बैलसुद्धा फुरफुरले. साऱ्या मांडवात खोकल्याचा एकच कल्लोळ उठला. त्या सगळ्यांमध्ये एकटे जमादार, ठसकासुद्धा न लागलेले, हातात तांदुळज्याची मूठ धरून उभे होते आणि डोळे उघडून आत्याकडे बघत होते. आत्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. ती हातानं काहीतरी खुणावत होती, पण पुन्हा ठसका येई आणि खूण अर्धवट राही. मला जमादारांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

ठसका ओसरला. मांडव पुन्हा शांत झाला.

"काय मग, जमादार?" चुलते डोळे पुसत म्हणाले. "सुटली म्हना न्हवं!"

जमादारांनी हातातली भाजी खाली ठेवली. बाही वर सारली आणि उजवा हात कोपरापर्यंत गोणीच्या पोटात घातला. आत तसाच ठेवला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मग त्यांनी मूठ बाहेर काढली. पानं काळपट हिरवी, एकमेकांना चिकटलेली. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, तर मध्ये बारीक तार धरली. दुसरी गोणी, तिसरी गोणी, तेच.

"ही पंगतीला चालायची न्हाई," ते म्हणाले.

चुलत्यांचा चेहरा लाल झाला. "काय म्हनालात?"

"वाईट वाटून घेऊ नगा पाव्हनं. मेली ही."

"आमच्या मळ्याची भाजी नासकी? लगीन जमवताना आमी चांगलं, आन आता आमची भाजी नासकी? आसं नाक मुरडायचं हुतं तर गाडी कशाला मागवली? चला रं, जुपा बैल! बगू कसं लगीन लागतंय ते!"

मांडवात गलबला झाला. जमादारांची बहीण धावत आली, पाया पडायला वाकली. "दादा," ती भावाला म्हणाली, "आसू दे की. धुवून घिऊ चार पान्यानं. चांगली शिजवू, तिकाट-मसाला जास्ती घालू. कोन वास घ्यायला बसलंय?"

"तिकटानं वास जातो, बाय. नास जात न्हाई," जमादार म्हणाले. "दोनशे मानूस हाय पंगतीला. तान्ही लेकरं घिऊन आलेल्या बाया हायेत."

"वास?" चुलते ओरडले. "आमाला तर काय वास येत न्हाई! सगळी ह्यांच्या नाकाची मिजास!"

खरंच, मिरचीच्या धुरापुढे तिथं कुणालाच दुसरा वास येत नव्हता. जमादारांनी फेटा काढून हातात घेतला. सगळ्या मांडवासमोर, वाजंत्र्यांसमोर, पोरांसमोर.

"मला बी येत न्हाई," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

"पौषात ताप आला, तवापासनं माजं नाक गेलंय, घसाबी बधिर झालाय. शेपू कळत न्हाई, हिंग कळत न्हाई. आता मिरचीचा ठसका समद्यास्नी लागला, मला लागला का? चार म्हैने म्या लोकास्नी फशिवतुय. तवा पाव्हनं, म्या नाकानं बोलत न्हाई. माज्यावर इस्वास ठिवू नगा. तुमी मळेकरी हाय. तुमचा हात घाला आत. तुमी सांगाल ती पंगत जेवंल."

चुलते थांबले. एवढ्या माणसांपुढं एवढ्या वयाचा माणूस बोडक्या डोक्यानं उभा होता. ते पुढं आले, अंगरख्याची बाही सारली आणि गोणीत हात घातला. आणि चटका बसल्यासारखा मागं ओढला.

"आरं तिच्या! ही तर तापलीया!"

"व्हय. आतनं चूल पेटलीया."

चुलत्यांनी हात नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"भाजी तुमची लोन्यावानीच हुती," जमादार म्हणाले. "मळ्याचा दोस न्हाई. वरचं पान बगा की, अजून हासतंय. गोनीनं मारलं तिला. वल्ली, दाबलेली, तोंड शिवलेलं, रातभर वारं न्हाई. मानूस सुदिक मेला आसता. पाटीत सैल घालून आनली आसती तर आज मी पाया पडून घेतली आसती."

चुलते खाली बसले. "पन मग पंगतीला काय?" ते विचारू लागले, आणि आता त्यांचा आवाज दणदणीत नव्हता. "आमी शब्द दिलाय भाजीचा."

"गावात शेवगं किती?" जमादारांनी बहिणीला विचारलं.

शेवग्याची झाडं पालीत परसापरसाला होती. तासाभरात सगळा गाव झाडांखाली गोळा झाला. शेवग्याची फांदी ठिसूळ, चढता येत नाही, म्हणून लांब आकड्या लावून डहाळ्या ओढायच्या. आणि पहिली आकडी घेऊन उभे राहिले ते नवऱ्या मुलाचे चुलते, अंगरखा काढून, धोतर खोचून. "शब्द दिलाय!" असं म्हणत त्यांनी अर्ध्या गावाचे शेवगे बोडके केले. बायका पाला ओरबाडायला बसल्या, त्यांच्यामध्ये आत्या. जमादार फिरून फिरून प्रत्येक सूप बघत होते आणि प्रत्येक सूप आत्यासमोर धरत होते, आता उघडउघड.

"घ्या वास, आत्याबाई."

"सुटली," आत्या म्हणे, आणि सूप पुढं जाई.

त्या तीन गोण्या गावाबाहेर खड्ड्यात गेल्या. कुणीतरी म्हणालं, शेरडांना घाला, तर जमादारांनी त्यालाही अडवलं. "शेरडालाबी पोट हाय." लग्न मुहूर्तावर लागलं. शेवग्याच्या पाल्याची भाजी अशी झाली की चुलत्यांनी तीनदा वाढून घेतली आणि ती भाजी आपणच दिल्याचं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत होते, असं ऐकलं. राजगड आत्यानं मांडवातूनच पाहिला. "छान आहे," म्हणाली.

भोरला परतल्यावर जमादारांनी सगळ्या भाजीवाल्यांना बोलावून सांगून टाकलं. मला वाटलं होतं, आता ओटा ओस पडेल. पहिले दोन दिवस पडलाही. तिसऱ्या दिवशी एक भाजीवाली येऊन म्हणाली, "नाक न्हाई तर न्हाई, हात तर हायेत न्हवं? बगा माझी पाटी. तुमी बगितल्याबिगर मला चैन पडंना." ओट्यावर आता दोन पाट झाले. एकावर जमादार, कान, डोळे आणि हात त्यांचे. दुसऱ्यावर आत्या. भांडणं मात्र दुप्पट वाढली, कारण डोळ्यांनी सुटलेली भाजी नाकानं मारावी का, यावर दोघांचं कधीच एकमत होत नसे.

असं श्रावणापर्यंत चाललं. एका सकाळी एका राजगिऱ्याच्या जुडीवरून त्यांची अशीच जुंपली होती. जमादार म्हणत होते, नुसती दमलीय. आत्या म्हणत होती, देठाशी आंबूस वास आहे. मी आत शाळेची तयारी करत होते. बोलता बोलता जमादार एकदम गप्प झाले. आत्या आपली बोलतच होती.

"थांबा," ते म्हणाले. "थांबा जरा. काय तरी जळतंय."

आत्या वाक्याच्या मध्येच थांबली.

"काय म्हणालात?"

"जळतंय म्हनतोय. तुमच्या चुलीवर. आळूची भाजी हाय का? चिच घातलीया का तिच्यात?"

मी धावत चुलीपाशी गेले. अळूच्या भाजीतलं पाणी कधीच आटलं होतं आणि पातेलं तळाशी करपायला लागलं होतं. मी फडक्यानं ते उतरवलं आणि हातात घेऊन दारात आले. दोघंही ओट्यावर उठून उभी होती. जमादारांचं तोंड उघडं होतं, नाकपुड्या फुललेल्या होत्या, आणि करपट धूर दारातून थेट त्यांच्या तोंडावर जात होता. ते तो असा घेत होते की जणू कुणी अत्तर शिंपडत होतं.

उभ्या आयुष्यात आत्याची भाजी कधी करपली नव्हती. मला वाटलं, आता ती कपाळाला हात लावेल. तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं, त्यात डोकावून पाहिलं, आणि ते पुन्हा चुलीवर नेऊन ठेवलं.

"अगं आत्या, करपेल ना!"

"करपू दे," आत्या म्हणाली. पदरानं डोळे पुसत ती दारात आली आणि जमादारांना म्हणाली, "सांगा. आणखी कसला वास येतोय?"